गमछ्यातून धरलेला पाय

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा मामांना लकवा मारला. वडील गेल्यापासून आई आणि मी रायपूरजवळ बीरगांवला मामा-मामींकडेच राहत होतो. मामांचं बोलणं शाबूत होतं, हातही बराच सुधारला, पण डावा पाय तसाच राहिला. संडासला जाताना मामी आणि मी दोन्ही बाजूंनी त्यांना काखेत धरायचो. तेवढा वेळ ते कोणाशी बोलत नसत.

आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात त्या वेळी चालण्याचा आणि मेंदूचा अभ्यास सुरू होता. एमआरआयच्या बोगद्यात कोणाला चालता येत नाही. म्हणून माणसाने पडल्या पडल्या घोटा वरखाली करायचा. ज्याला जमत नाही त्याचा पाय आधी दुसऱ्याने धरून हलवायचा, नंतर त्याने स्वतः प्रयत्न करायचा. डोकं हललं की चित्र बिघडतं. ज्यांचं चित्र स्वच्छ येईल, त्यांनाच पुढे वरून टांगलेल्या पट्ट्याने अंग तोलून चालायचा सराव मिळणार होता. रायपुरात तो आणखी कुठे मिळत असेल, तर मला ठाऊक नव्हतं. मामांचं नाव मीच दिलं, आणि पाय मीच धरतो असंही सांगितलं. घरचा हात असला की ते निवांत राहतील, असं मला वाटलं.

बोगद्यातून त्यांचे फक्त पाय बाहेर होते. मशीनचे ठोके सुरू झाले. मी डावं पाऊल हातात घेतलं आणि मामांचं सगळं अंग ताठ झालं. खांदे उचलले गेले. मी सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा तेच.

अभ्यास चालवणाऱ्या मॅडम काचेमागून बाहेर आल्या. "सिर बहुत हिल गया। आज एक बार और देखते हैं। फिर हिला तो नहीं ले पाएँगे।"

मामांना चाकाच्या खुर्चीवर बसवून मी बाहेर आणलं. दुखतं का, म्हणून विचारलं.

"दुखत नाही," ते म्हणाले. "तू काहून धरला पाय? भांचा आहे तू. मले पाप लावून राहिला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही मूळचे वऱ्हाडातले, पण इथे छत्तीसगडात भाच्याला देव मानतात. मामाच भाच्याच्या पाया पडतो, भाच्याचा हात आपल्या पायाला लागू देत नाही. दर दिवाळीला मामा माझ्या पाया पडत, तेही मला सवयीचं होतं. घरी पायाला मालीश मामीच करायच्या, मला कधी करू दिली नव्हती. तरी दवाखान्यात हे आडवं येईल, असं मला सुचलं नाही.

बाकावर बसलेल्या मामी म्हणाल्या, "आपल्या वऱ्हाडात भाचा पडते मामाच्या पाया. तुमीच मोठे छत्तीसगढिया होऊन बसले."

"ज्या पाऱ्यात, ज्या मोहल्ल्यात जन्म गेला, त्या पाऱ्याचंच मानीन न मी."

"मंग पाराच येईन का तुमाले संडासले न्यायले?"

मामींना लगेच बोलल्याचं वाईट वाटलं असावं. त्यांनी पिशवीतून मामांचा सुती गमछा काढला, झटकला आणि त्या पावलाला घट्ट गुंडाळला. "आता भाचा गमछा धरते. पाय नाही धरत."

मामांनी गुंडाळलेल्या पावलाकडे बघितलं. "हव," ते म्हणाले. मी मॅडमना विचारलं. सुती आहे ना, मग चालेल, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी ते हलले नाहीत. कापडातून मला पायाचं वजन जाणवत होतं. मग हात काढायची खूण झाली, आता त्यांनी स्वतः हलवायचं होतं. मी पावलाकडे बघत उभा राहिलो. ते हललं नाही. ठोके थांबेपर्यंत हललं नाही.

काही दिवसांनी मॅडमनी मला संगणकावर चित्र दाखवलं. पायाची जागा मेंदूत वर, मधल्या फटीच्या आत असते. पाय हलला नव्हता त्या वेळचंच ते चित्र होतं, आणि तिथे लहानसा रंगीत ठिपका होता. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "इसका मतलब ये नहीं कि चल पाएँगे। कोशिश वहाँ तक पहुँच रही है, बस।"

घरी येऊन मी मामांना जसंच्या तसं सांगितलं. अर्धवट शिकलेला मी, त्यात माझं काही मिसळायची भीती वाटली.

"म्हणजे मी हलवून राहिलो होतो?" त्यांनी विचारलं.

"हो मामा."

"मले वाटलं, मी नुसताच पडून आहो."

सोमवारपासून सरावाला बोलावलं होतं, तेही सांगितलं. त्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. मामी चहा घेऊन आल्या, तेव्हा मामांचे डोळे ओले होते. पुढे काही महिन्यांनी ते वॉकर धरून संडासपर्यंत एकटे जाऊ लागले. तेवढंच. पाऊल अजून घासतं, आणि दार आतून लावलं की मामी बाहेर उभ्या राहतात.