रॉल जोफिल्डचा बटणांचा फोन

शॅगरामस बंदरातल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत रॉल जोफिल्डने एकतीस वर्षं काढली. त्यातली नऊ वर्षं त्याच्या कमरेला एकच फोन होता. वर बोटभर पडदा, खाली बारीक बटणांच्या चार ओळी. फोन कंपनीने दिलेला, ईमेलसाठी आणि साहेबांच्या निरोपांसाठी. बाकी बहुतेकांनी काचेचे फोन घेतले तरी रॉलने तो सोडला नाही. तरुणपणी वेल्डिंग करून करून त्याच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की मुलीच्या फोनची काच त्याला दादच देत नसे. बटणं मात्र त्याचं ऐकत. उन्हात, वंगणाच्या हातांनी, खाली न बघता तो टाइप करायचा.

"चीफ, ही दगडाची पाटी कधी टाकणार?" अँसिल त्याला रोज छेडायचा. रॉल मुकादम होता; अँसिल त्याच्या हाताखाली, क्रेनने उचलायच्या ओझ्याला पट्टे बांधायचा, आणि त्याच्याइतका नेटका माणूस गोदीत दुसरा नव्हता. दुपारी दोघे गेटबाहेरच्या गाडीवर डबल्स, म्हणजे मऊ पुऱ्यांत भरलेले चणे, खायचे. अँसिल मिरची जास्त मागायचा, आणि मग रॉलच्या पाण्याच्या बाटलीवर हात मारायचा.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सकाळी रॉलने चार नंबरचा पट्टा हातात घेतला, तर शिवण उसवलेली. त्याने मॅनेजर गिटेन्सना निरोप पाठवला: पट्टा खराब आहे, काम थांबवू का? दोन मिनिटांत उत्तर आलं: आज त्यावरच चालव, नवा सोमवारी येतोय, जहाज दुपारी सुटलं पाहिजे. रॉलने टाइप केलं, "बरं." मग खाली जाऊन त्याने अँसिलला सांगितलं की वरून होकार आलाय. अँसिलने पट्टा बोटांनी चाचपला, खांदे उडवले आणि हुक अडकवला.

अकराच्या सुमाराला पट्टा तुटला. त्याला टांगलेला जहाजाचा अवजड पंखा खाली आला आणि अँसिल जागीच गेला.

चौकशी कंपनीनेच केली. गिटेन्स म्हणाले, मला कोणी काही कळवलंच नव्हतं. ईमेल कंपनीच्या मशीनवर राहायचे, पण ते निरोप फोनातून फोनात जाणारे, त्यांची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती. गिटेन्सनी त्याच आठवड्यात आपला फोन बदलला. रॉलला त्यांनी खोलीत बोलावलं, खुर्ची दिली आणि त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. पेन्शनला तीन वर्षं राहिली ना, असंही विचारलं. अहवालात आलं की हुक चुकीचा अडकवला होता, चूक अँसिलची. खाली साक्षीदार म्हणून रॉलची सही होती.

महिन्याभराने अँसिलची बायको मर्ल त्याच्या घरी आली. पेलावचा, कोंबडी घातलेल्या भाताचा, डबा घेऊन आली होती, जणू मेलेला माणूस रॉलच्या घरचा होता. ओसरीत बसल्या बसल्या तिने सरळ विचारलं.

"मिस्टर रॉल, त्या दिवशी सकाळी अँसिलने मला फोन केला होता. म्हणाला, पट्टा खराब आहे, चीफने वर विचारलंय. वकील म्हणतो, ते लेखी मिळालं तर केस उभी राहील."

रॉल म्हणाला, बघतो.

बघायचं काही नव्हतंच. निरोप फोनात होता, आणि तो रोज उघडून वाचत होता. मुलीच्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढायला एक मिनिट पुरलं असतं. पण गिटेन्सच्या उत्तराखाली त्याचं स्वतःचं "बरं" होतं. गिटेन्स बुडाले असते, तर तोही बुडाला असता, आणि मर्लने ते वाचलं असतं. पेन्शनचं कारण त्याने स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं.

मर्ल आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा तो म्हणाला, जुना फोन आहे, शोधायला वेळ लागतो.

नोव्हेंबरमध्ये सूचना लागली: जुने फोन शुक्रवारपर्यंत जमा करा, नवे घ्या. रॉलला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. गुरुवारी संध्याकाळी त्याने निरोप एकदा वाचला. पुसला नाही. पुसला असता तर आपणच काही केल्यासारखं झालं असतं. शुक्रवारी त्याने फोन ऑफिसातल्या मुलीच्या हातात दिला. तिने तो खोक्यातल्या बाकीच्या फोनांवर टाकला आणि वहीत सही घेतली.

मर्लला ते त्यानेच जाऊन सांगितलं. दारातच सांगितलं, आत बसला नाही. कंपनीने फोन परत मागितला, माझा इलाज नव्हता, असं म्हणाला.

मर्ल ओले हात एप्रनला न पुसता तशीच उभी राहिली. "आठ महिने तुमच्या कमरेला होता," एवढंच ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

केस उभी राहिली नाही. गिटेन्स बढती घेऊन दुसऱ्या बेटावर गेले. रॉलला पेन्शन मिळालं, पूर्ण.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी तो मुलीला टोबॅगो बेटाकडे जाणाऱ्या बोटीवर सोडायला गेला होता. रांगेत मर्ल दिसली. बहिणीकडे कायमची चालली होती, दोन मोठ्या पिशव्या होत्या. तिने मान हलवली, गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं. त्या विचारण्यानेच रॉलचा बांध फुटला.

"मर्ल, मी विचारलं होतं गं त्यांना. काम थांबवू का म्हणून. त्यांनी लिहिलं, आज चालव. आणि मी बरं म्हटलं."

मर्लने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता.

"तुम्ही विचारलं होतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, मिस्टर रॉल. मला कशाला सांगताय? कोर्टाला सांगायचं होतं."

रांग पुढे सरकली. रॉल एक पिशवी उचलायला वाकला, पण तिने ती आधीच खांद्याला लावली होती.