खांडीतला विठू

पेणच्या खाडीकाठी उधाणानं बांधाला खांड पडली, की घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावतो. चिखल टाकण्याआधी बांधावरच्या शेंदरी दगडाला नारळ. विठू नावाच्या गड्यानं गावासाठी आपणहून खांडीत उडी घेतली, तेव्हा बांध तगला, ही त्या दगडाची गोष्ट. मिठागरावरची मैना ती अशी ठसक्यात सांगायची, जणू विठू तिच्याच घरचा.

सत्त्याण्णवच्या भादव्यात उघाडीचं दार अडकलं. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातलं भुयार. ओहोटीला दार उघडतं, शेतातलं पाणी खाडीत जातं. मैना किडकिडीत, म्हणून तीच आत सरपटली. ओंडका सोडवून पलीकडे निघाली, तर डोलवीच्या कारखान्याची धुराडी नाहीत, विजेचे खांब नाहीत, बांधावर दगडही नाही. काळाशार गडी तेवढा उभा.

"हडळ हायस का माणूस?"

"हडळ चिखलात लोळते व्हय? हात दे."

त्यानं हात दिला तो सोडलाच नाही. नाव विठू. मैना मनाशी म्हणाली, विठू काय, दर आळीत दोन असतात. चिखलात सापडणाऱ्या निवट्या माशांचे भाजून काटे काढून तो तिच्या पुढ्यात ठेवी. उघाडी दर ओहोटीला उघडायची आणि मैना दर ओहोटीला तिच्याकडे पाठ करून बसायची.

अवसेच्या उधाणात खांड पडली. टाकलेला चिखल पाणी गिळत होतं. खोत हैबतराव, म्हणजे मैनेच्या काळातल्या सरपंचाचा खापरपणजा, कपाळ धरून बसला. मैनेला राहवलं नाही.

"आमच्याकडं ठाऊक हाय. माणूस आत गेला, तवा तगला."

"कुठला माणूस गो?"

आयुष्यभराच्या सवयीनं तोंडातून गेलं, "विठू."

सगळे विठूकडे वळले. उपरा गडी, मागे रडणारं कुणी नाही. चौघांनी धरून खांडीच्या तोंडाशी नेला. तो हैबतरावाशी बोललाच नाही. तिलाच म्हणाला, "मैने, खोटं हाय म्हण."

ती म्हणाली. तोवर त्याला खांडीत ढकलून वर घमेली पडू लागली होती. लोक तिच्या पाया पडायला वळले, तशी ती उघाडीत शिरली आणि पळाली.

बाहेर तीच ओहोटी, तोच दिवस. मिठागरावरची काशीबाई कमरेवर हात ठेवून उभी.

"एवढा वेळ? आत निवटे खात बसलीस व्हय गो? तिकडं खांड पडलीय. फोड नारळ, सांग विठूची गोष्ट. तुझ्यावाणी कुणाला जमत नाय."

नारळ मैनेच्या हातातच राहिला.

"त्यानं उडी मारली नाय. ढकलला त्याला."

"कुणी?"

"गावानं."

मैनेनं नारळ खाली ठेवला आणि घमेलं उचललं. चिखल भरताना तिला कुणाकडे बघवेना. गावानं, म्हणाली होती. नाव कुणी घेतलं, ते काशीबाईनं विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं.