गौराचा कागद

डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, न्यूमोनिया. म्हणजे फुप्फुसाला सूज येते आणि श्वास पुरत नाही. माझी धाकटी बहीण गौरा तापात बरळत होती. तिच्या सासूबाई उशाशी होत्या. मी नुकताच बसवकल्याणहून गुलबर्ग्याच्या वेशीबाहेरच्या या सरकारी दवाखान्यात पोचलो होतो.

औषधं दोनच होती. सल्फा, म्हणजे जंतू मारणाऱ्या गोळ्या; आणि पेनिसिलीन, त्याच कामाची सुई. मागच्या वर्षी इथेच दोन्ही दिल्यावर गौराचं अंग सुजलं, घसा आवळला, कशीबशी वाचली. नेमकं कशामुळे, ते सासूबाईंना ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "यातलं एक तिला मारील. कोणतं, ते जुन्या कागदावर लिहिलेलं असणार. तो शोधा."

तेव्हा कागद काढताना तिचा नवरा शरणप्पा सोबत होता. तो अफजलपूरकडे उसाच्या कामावर; त्याला निरोप धाडला.

दवाखान्याचे कारकून, मुनशी, यांनी जुन्या कागदांची खोली उघडून दिली. वर्षवार गठ्ठे, बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, सगळं उर्दूत. निजामीत माझी शाळा उर्दूतच झालेली, म्हणून मीही खाली बसलो. आमच्या गावाच्या नावाखाली पाहिलं, तिच्या सासरच्या गावाच्या नावाखाली पाहिलं. गेल्या वर्षीचे बायकांचे सगळे गठ्ठे संपले. कागद चुकून दुसऱ्या वर्षात मिसळला असेल म्हणून तेही गठ्ठे उघडून पाहिले. गौरा कुठेच नव्हती.

खाटेकडे परतलो तर तिचे ओठ निळे पडत होते. डॉक्टरांनी विचारलं, "अंदाजाने टोचू? तुम्ही सांगा." माझ्याकडे प्रत्येक कामाची यादी असते. याची नव्हती; मी पुन्हा गठ्ठ्यांच्या खोलीत गेलो.

शरणप्पा दुसऱ्या दिवशी आला. कोणत्या नावाने कागद काढला, मी विचारलं. त्याने आईकडे पाहिलं.

"नाव कसं घेऊ, अण्णा? मुनशी विचारायलाय, मागं ही रांग. मी माझंच सांगितलं."

"मग काय," सासूबाई म्हणाल्या, "चारचौघात बायकोचं नाव घेतंय व्हय कुणी?"

पुरुषांच्या गठ्ठ्यात कागद लगेच सापडला. नाव शरणप्पा, आणि खाली स्पष्ट लिहिलेलं: सल्फा देऊ नये. म्हणजे पेनिसिलीन पहिल्याच दिवशी देता आलं असतं.

सुई डॉक्टरांनी स्वतः टोचली. पण तोवर जंतू रक्तात उतरले होते. त्याला सेप्टिसीमिया म्हणतात. मग सुईचा उपयोग क्वचित होतो. गौरा गेली.

मयताची नोंद करताना मुनशींनी नाव विचारलं. मी तोंड उघडणार, इतक्यात शरणप्पा खालमानेने म्हणाला, "गौरा." मुनशींना ऐकू गेलं नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं.

त्याच्यावर राग धरावा, असं मला वाटत नाही. त्याच्या जागी माझ्या गावच्या कुणीही तेच केलं असतं. आता गावच्या बसथांब्यावर कुणी बायकोला दवाखान्यात नेताना दिसला की मी त्याला थांबवतो. तिचं नाव लिहवून घे, म्हणतो. न सोसलेल्या औषधाचं नाव विचारून पाठ कर. तो लाजून हसतो. त्याची बायको पदर तोंडाला लावते. बस सुटेपर्यंत मी सांगत राहतो, आणि दोघं ऐकल्यासारखं करतात.