कॅप्टनची जोडीदार

हातातले पत्ते छातीशी धरून, डोळे अर्धे मिटून ते म्हणायचे, "वेळ येऊ द्या, ताई." समोरचा खेळाडू घायकुतीला आलेला असायचा, मी फासे मुठीत घोळवत बसलेली असायची आणि ते मात्र निवांत चहाचे घोट घेत. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. लष्कराशी त्यांचा संबंध इतकाच की आपल्या बुटांना पॉलिश ते स्वतः करत आणि त्यात दुसऱ्याला हात लावू देत नसत. बाजव्याजवळच्या आमच्या कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावर होते, मी तिथल्या प्रयोगशाळेत होते.

त्यांच्या भाच्याने विलायतेहून एक खोका आणून दिला होता. त्यात रेघा मारलेलं हिरवं कापड, बोटभर उंचीचे लाल-निळे खेळाडू, दोन फासे आणि पत्त्यांचा एक जोड. खेळाचं नाव रग्बी. खरी रग्बी आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिली नव्हती. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडे टेकवायचा आणि साथीदाराकडे द्यायचा तर फक्त मागे द्यायचा, पुढे नाही, एवढं आम्हाला कळलं होतं. तेवढ्या भांडवलावर आम्ही असे वाद घालायचो की कॅप्टनच्या बायकोने एकदा बाहेर येऊन विचारलं, "कुणी पडलं का?"

कॅप्टनचं घर वासण्याला होतं, तेव्हा त्यामागे शेतं होती. रविवारी दुपारी त्या घरी आम्ही पाच जण जमायचो, चार पुरुष आणि मी. खेळ जोडीने चालायचा: एकाच्या हातात पत्ते, दुसऱ्याच्या हातात फासे; पाचव्याने बघत बसायचं. पत्तेवाल्याने प्रत्येक डावाला "पत्ता" किंवा "फासे" एवढंच बोलायचं. हातात काय आहे हे जोडीदारालासुद्धा सांगायचं नाही. सामना संपला की मात्र दोघा पत्तेवाल्यांनी उरलेले पत्ते टेबलावर उताणे टाकायचे, म्हणजे मागाहून कुरकुर नको. हा नियम खोक्यातला नव्हता, कॅप्टनने घातलेला होता. पत्ते टाकताना ते आमच्याकडच्या गुजराती वळणाने म्हणायचे, "जोवा! बघून घ्या, बाबांनो." मग चिवड्याची ताटली फिरायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाकीच्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बायकांना आत वहिनींशी गप्पा मारायला नाही का बसता येत?" कॅप्टनने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "माझी जोडीदार ह्या. ज्यांना चालत नसेल त्यांनी आत जाऊन गप्पा माराव्यात." तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, ज्याने चारचौघांत तुमच्यासाठी खुर्ची ओढली. अशा माणसासाठी आपण काय वाट्टेल ते करतो.

मीही केलं. घरी आठवडाभर टोमणे ऐकायचे आणि रविवारी वेळेवर हजर व्हायचं. फासे टाकण्यात कसब कसलं, असं तुम्ही म्हणाल. पण कुठल्या खेळाडूला पळवायचं, चेंडू कधी मागे द्यायचा, हे फासेवाल्याने ठरवायचं असतं. त्यात मी तरबेज झाले. माझी चांगली खेळी झाली की कॅप्टन टेबलावर टिचकी मारत आणि मला बढती मिळाल्यासारखं वाटे.

दिवाळीनंतर शहरातल्या मांडवीकडच्या मंडळींशी आमचा सामना व्हायचा. त्यांच्यातल्या एका वकीलसाहेबांनी हुबेहूब तसाच पट करवून घेतला होता. वकीलसाहेब स्वभावाने गोड, पण हरले की दोन दिवस जेवत नाहीत अशी त्यांची ख्याती. त्या वर्षी सामना त्यांच्या दिवाणखान्यात होता. प्रत्येक बाजूची एकच जोडी खेळायची, बाकीचे बघायचे. आमच्याकडून कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा रेल्वेवाल्यांनी घसा खाकरला. कॅप्टन म्हणाले, "मी आणि ताई."

सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. आमचा शेवटचा डाव आला. माझा खेळाडू चेंडू घेऊन रेघेच्या तोंडाशी उभा आणि मध्ये त्यांचा एकच माणूस. 'मोकळी वाट' नावाचा एक पत्ता असतो, तो पडला की समोरच्याला बाजूला व्हावं लागतं. तो अजून कुणीच टाकलेला नव्हता. मी कॅप्टनकडे पाहिलं. त्यांनी पत्ते छातीशी धरले होते. ते म्हणाले, "फासे."

मला मोठं दान हवं होतं. पडले तीन आणि दोन. चेंडू त्यांच्याकडे गेला आणि पुढच्याच डावात त्यांनी तो आमच्या रेघेपलीकडे टेकवला. वकीलसाहेबांनी खुर्चीतून उडी मारली. कॅप्टनने हातातले पत्ते जोडात मिसळून टाकले आणि म्हणाले, "चालो, चहा गार होतोय." पत्ते उताणे टाकायचे राहिले, हे माझ्या लक्षात आलं होतं. बिचाऱ्याला फार लागलंय, असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर मीच त्यांना म्हटलं, "माझा हातच चालला नाही हो. माफ करा."

ते म्हणाले, "असू द्या."

पुढच्या रविवारी माझ्या खुर्चीवर रेल्वेवाले बसले होते. "ताई, थोडे दिवस आराम करा. तुमचे फासे रुसलेत," असं म्हणून ते हसले. बाकीचे दोघेही हसले. कॅप्टन पत्ते पिसत होते. ते एक शब्द बोलले असते तर मी बसले असते. मी आत गेले, वहिनींशी गप्पा मारल्या आणि घरी आले. नंतर गेले नाही.

दोन महिन्यांनी कॅप्टनच्या मुलीचा साखरपुडा झाला, वकीलसाहेबांच्या मुलाशी. बोलणी दिवाळीच्या आधीपासून चालू होती म्हणे. मला त्याची काही खबरच नव्हती. पंगतीत वकीलसाहेब आग्रह करत माझ्यापर्यंत आले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले, "तुमचे कॅप्टन म्हणजे राजा माणूस! 'मोकळी वाट' हातात ठेवून हरले की हो त्या दिवशी. काल मला कानात सांगितलं. म्हणे, व्याह्यांना पहिला अहेर."

श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून मी उठले. कॅप्टनना मांडवाच्या कडेला गाठलं. "पत्ता तुमच्याकडे होता?"

त्यांचे डोळे भरून आले. "मुलीचं जमत होतं, ताई. त्यांचा स्वभाव तुम्ही जाणता."

"तुम्ही हरलात त्याचं मला काही नाही," मी म्हटलं, "पण ते तिघे मला हसले तेव्हा तुम्ही तिथेच होतात. त्यांना खरं काय ते सांगा."

"सांगतो. वेळ येऊ द्या."

ते मला एकटीला पुष्कळदा भेटले. कारखान्याच्या बसमध्ये शेजारी येऊन बसत, माझ्या तब्येतीची चौकशी करत, आंब्यांची पेटी घरी पोचवत. माझी माफी इतकी मनापासून मागत की मलाच अवघडायला व्हायचं. पण त्या तिघांसमोर ते कधी बोलले नाहीत. निवृत्त झाले तरी नाही. मला त्यांचा राग येई आणि त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला की वाईटही वाटे. हे दोन्ही मी वर्षानुवर्षं बाळगलं.

ते गेले तेव्हा मी भेटायला गेले. रेल्वेवाले आता काठी टेकत होते. मला बघून शेजारच्याला म्हणाले, "आयुष्यात एकच सामना हरला कॅप्टन, तो ह्या ताईंच्या फाशांमुळे." लोक सुतकाच्या घरात हसतात तसे दबक्या आवाजात हसले. मी कॅप्टनच्या मुलीकडे पाहिलं. तिचे सासरे, वकीलसाहेब, शेजारीच बसले होते, फार थकले होते, त्यांना बहुधा काही आठवतही नसावं.

मुलगी माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेऊन रडली. "मावशी, बाबा शेवटी तुमचंच नाव काढायचे. म्हणायचे, ताईंसारखी जोडीदार पुन्हा मिळाली नाही."

"मग त्या टेबलावर का नाही बोलले?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने डोळे पुसले. "कुठल्या टेबलावर, मावशी?"