‘मी मेले’ म्हणजे हसले

केडगावजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की मुलांच्या भाषेचे किस्से निघतातच. वीस वर्षं मराठी शिकवतेय मी. पूर्वी नुसती हसायचे. आता हसता हसता हात मोबाइलकडे जातो, दहावीच्या ग्रुपवर काय आलंय ते बघायला.

एकदा ग्रुपवर मी व्याकरणावरचा एक विनोद टाकला. सायलीचं उत्तर आलं, "मॅडम मी मेले", आणि पुढे कवटीचा इमोजी! आमचे शिपाई सोपानमामाही त्या ग्रुपवर आहेत. त्यांनी ते वाचलं आणि मोटरसायकल थेट कालव्याकाठच्या वस्तीवर घातली. सायली शेळीला पाला घालत होती.

"अगं, तू जित्ती हाय व्हय?"

"मामा, मेले म्हंजी लई हसले!"

मामा तिथंच बाजेवर बसले. तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "आन् खरंच जिवावर बेतलं, तर काय लिवनार गं पोरी?"

सायली हसतच शेळीकडे वळली. मामांनी हे स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा आम्हीही हसलो.

‘माझे वडील’ या निबंधात एकानं लिहिलं, "माझे पप्पा टॉक्सिक आहेत, पण ट्रॅक्टर एक नंबर चालवतात." पालकसभेला पप्पा वही घेऊनच आले.

"मॅडम, ह्यो शब्द फवारनीच्या बाटलीवर असतोय. पोरगं मला इख म्हनतंय का?"

मी घाईघाईनं म्हणाले, "नाही हो! टॉक्सिक म्हणजे कडक!"

"मंग बराबर हाय! कडक तर हायच मी!"

पप्पा खुशीत गेले. मी मात्र पुढचे चार दिवस त्या मुलाच्या अंगावर वळ दिसतात का, ते बघत होते.

वर्गात सगळे प्रतीकला ‘रिचार्ज’ म्हणायचे. मला वाटलं, पोरगं उत्साही आहे म्हणून असेल. मीही हाक मारली, "ए रिचार्ज, फळा पूस!" वर्ग खदखदून हसला. असं आठवडाभर चाललं. शेवटी तास संपल्यावर तोच माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही नका ना म्हणू. ते ‘फ्री रिचार्ज’चं शॉर्ट आहे. मला स्कॉलरशिप मिळते ना, आमच्या जातीला, म्हणून."

दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. बाकीच्या मुलांना जे सुनवायचं ते सुनावलं.

प्रतीक म्हणाला, "इट्स ओके, मॅडम."

त्या ‘ओके’चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आणि वैष्णवी! ‘ओके’चं नुसतं ‘के’, ‘थँक्यू’चं ‘टीक्यू’. अख्खा शब्द लिहायचा तिला कंटाळा. एका शनिवारी दुपारी तिचा मेसेज आला.

"आदरणीय मॅडम, मी सोमवारपासून शाळेत येऊ शकणार नाही. कृपया काळजी नसावी. आपली आज्ञाधारक, वैष्णवी."

काना, मात्रा, पूर्णविराम, सगळं जागच्या जागी.

आमच्या गायकवाड सरांनी वाचलं. "वा! पत्रलेखन जमलं की पोरीला!"

मी मेसेज पुन्हा एकदा वाचला. म्हटलं, "सर, गाडी काढा."

पाटस रस्त्याला तिचं घर. अंगणात पाहुण्यांची जीप. आत कांदेपोह्यांच्या बश्या. साडी नेसून, मान खाली घालून वैष्णवी. पंधरा वर्षांची पोर!

"नुस्तं बघायला आल्यात, मॅडम," तिचे वडील गडबडले.

"मग बघू द्या. तिची जन्मतारीख मी सांगते पाहुण्यांना. शाळेच्या रजिस्टरात आहे."

पाहुण्यांनी बश्या खाली ठेवल्या. जीप वळली. वैष्णवी सोमवारी शाळेत येईल, असं आम्ही वडिलांकडून कबूल करून घेतलं.

निघताना ते गाडीपर्यंत आले. राग नव्हता, नुसतं नवल होतं तोंडावर.

"पर मॅडम, तुमाला कळलं कसं? मेसेज धाडायच्या आधी म्या सोता वाचला. त्यात तर कायच नव्हतं!"