जिलबी खाताना दिलेली जागा

आमच्या दुकानात लग्नपत्रिका छापून मिळतात आणि दुकानदाराचा ओरडा फुकट मिळतो, असं माझी बायको गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगते. मी तिथंच बसलेला असतो. खोटं काही नाही, त्यामुळे गप्प बसतो.

दुकान पंचवटीत, भाजीबाजाराकडे वळणाऱ्या गल्लीत. छपाई मी बघायची आणि काउंटर तिनं सांभाळायचं, असं वीस वर्षं चाललं. लोकांना वाटतं, पत्रिकेचं काम म्हणजे कागद आणि गणपती निवडायचा. खरं काम नावांचं असतं. कोणते काका निमंत्रक, कोणते नुसते विनीत, आत्याबाईंच्या यजमानांचं नाव कोणाच्या खाली गेलं तर ते लग्नालाच येणार नाहीत, हे सगळं आमच्या काउंटरवर ठरतं. पाचपाच माणसं भांडत आत येतात. बायको आधी पाणी देते, सगळ्यांचं ऐकून घेते आणि अर्ध्या तासात यादी जुळवून देते. मी बसलो की दहाव्या मिनिटाला म्हणतो, "आधी घरी ठरवा, मग या." ते परत येतात, पण समोरच्या दुकानात.

यंदा मे महिन्यात तिच्या गुडघ्यांनी हात टेकले. डॉक्टरांनी दिवसभर स्टुलावर बसणं बंद करायला सांगितलं. काउंटरला माणूस लागणार हे उघड होतं.

त्याच आठवड्यात एका वास्तुशांतीच्या जेवणात माझे साडू शेजारी बसले होते. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते म्हणाले, "आमच्या पुतण्याला घ्या ना तुमच्याकडे. घरीच बसलाय." माझ्या तोंडात जिलबी होती. मी म्हणालो, "पाठवा की." ते म्हणाले, "शब्द दिलात हं." मी मान हलवली आणि आणखी एक जिलबी घेतली.

पुतण्या पोरगा चांगला आहे. फक्त समोरच्या माणसाशी बोलताना तो जमिनीशी बोलतो. हे बायकोला पटणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी घरी काही बोललोच नाही. इकडे तिनं शटरवर कागद चिकटवला, तिच्या भिशीच्या ग्रुपवरही टाकलं: काउंटरसाठी माणूस पाहिजे, माणसांशी बोलता आलं पाहिजे. रविवारी मुलाखती ठेवल्या. निदान तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. पण म्हटलं, घेऊ दे मुलाखती, शेवटी पुतण्याचं नाव पुढे करू, कोणाचं काय जातंय!

रविवारी सात जण आले. एक डिझाइन शिकलेला मुलगा होता, त्यानं आमच्या सगळ्या नमुन्यांना जुनाट म्हटलं आणि ते खरंही होतं. एका मुलीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या वडिलांनी दिलं. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांना पगार किती हे विचारायचंच नव्हतं, घरातून बाहेर किती वेळ राहता येईल तेवढंच विचारायचं होतं. मला ते सगळ्यात आवडले.

बायकोनं एक परीक्षा काढली होती. जुन्या एका ऑर्डरची हातानं लिहिलेली यादी ती प्रत्येकापुढे ठेवायची आणि म्हणायची, "यातून पत्रिका कशी कराल, सांगा." कोणी रंग सांगितले, कोणी अक्षराचं वळण सांगितलं. निवृत्त गृहस्थांनी यादी मोठ्यानं वाचून दाखवली.

शेवटी एक बाई आल्या, चाळिशीच्या आसपास. आडगाव नाक्याकडून चालत आलेल्या होत्या, कपाळाला घाम होता. माहेर विंचूरकडचं. अकरा वर्षं साड्यांच्या दुकानात होत्या. मालकाच्या मुलांनी दिवाळीत दुकान बंद केलं. नवरा रिक्षा चालवायचा, पाठीच्या दुखण्यानं आता घरी असतो. "घरात आता कमावणारं कुणीच नाय," एवढं सांगून त्यांनी यादी हातात घेतली.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग विचारलं, "ही यादी मुलीच्या काकांनी दिली होती का?"

"कशावरून?" मी म्हणालो.

"काकांकडची सगळी आहेत, जावयांसकट. मामाकडचं एक बी नाव नाय. मुलीला हाताला धरून अंतरपाटापर्यंत आणणार मामा, आणि पत्रिकेत तोच नाय? आमच्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला लोक आले की मी आधी मामाकडची पिवळी साडी काढून ठेवायची. नायतर मामी कोपऱ्यात गप बसून राहते, आणि गप बसलेली मामी लय महागात पडते. ही यादी मी घेतलीच नसती. म्हटलं असतं, मामांना एक फोन लावा, मी चहा सांगते."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती ऑर्डर मीच घेतली होती, तीन वर्षांपूर्वी. पत्रिका छापून गेल्या आणि दोन दिवसांनी सगळा गठ्ठा परत आला. मामाचं नाव राहिलं म्हणून मुलीची आई आमच्या काउंटरवर रडली होती. मी तिलाच ओरडलो होतो की यादी नीट द्यायला काय होतं. बायकोनं तो कागद जपून ठेवला होता हे मला त्या दिवशी कळलं.

ती खुशीत चहा करायला पडद्यामागे गेली. बाकी कोणालाही तिनं चहा विचारला नव्हता. मी घसा साफ केला आणि दिवसभर जे म्हणत होतो तेच म्हणालो, "बरं ताई, कळवतो."

त्या उठल्या नाहीत.

"दादा, एक बोलू का? दिवाळीपासून पाच ठिकाणी 'कळवतो' ऐकलं. माणूस फोन उशाशी घेऊन बसतो हो. नाय म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मला राग नाय येणार. शाळेच्या गणवेशाच्या एका दुकानात उद्या सकाळी बोलावलंय. तुमच्याकडं जमणार असेल तर मी तिकडं जाणार नाय. दोन्हीकडं हो म्हणून ठेवायचं मला जमत नाय."

अडचणीत सापडलो की आवाज चढवायचा हा माझा जुना उपाय. पण त्या इतक्या सरळ बघत होत्या की आवाज चढेना. मी म्हणालो, "ताई, जागा आधीच दिलेली आहे. माझ्या साडूंच्या पुतण्याला. शब्द दिलाय."

पडद्याशी कपबशी वाजली. बायको ट्रे घेऊन उभी होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मग एवढ्या माणसांना कशाला बोलावलंत?" त्या बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. बायकोनं पुढे केलेला चहा त्यांनी शांतपणे संपवला, कप ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." दाराशी त्यांनी चपला घातल्या, पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात निघून गेल्या. मला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज मला कोणावर ओरडूनही कधी वाटली नव्हती.

बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली ती फक्त एकदा. "बहीण माझी आहे, त्यांना वाईट वाटलं तर मी बघून घेईन. पण माझ्या जागी कोण बसणार, हे तुम्ही जिलबी खाताना ठरवलंत?"

साडूंना फोन करायला मला बुधवार उजाडला. सोमवारी म्हटलं, ते कामात असतील. मंगळवारी म्हटलं, मंगळवारचं कशाला वाईट बातमी द्यायची. शेवटी केला. ते आधी "बरं" म्हणाले, मग "तुमची मर्जी" म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी पुतण्याचाच मेसेज आला: काका, काही हरकत नाही, तुम्ही टेन्शन घेऊ नका. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग मी त्या बाईंना फोन लावला. बायको पडद्याला धरून उभी राहिली, तीन दिवसांनी पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं.

"पत्रिकावाले दादा ना? बोला बोला! मीच तुम्हाला फोन करणार होते," पलीकडून आवाज आला. "काम लागलं मला, त्या गणवेशाच्या दुकानात. आज तिसरा दिवस. तुम्ही सरळ सांगितलंत म्हणून सोमवारी सकाळीच गेले बघा. नायतर तुमच्या फोनची वाट बघत घरात बसले असते, आणि त्यांनी दुसरं कुणी घेतलं असतं. मालक जरा तापट हाय, पण मनानं साधा हाय. आमच्या घरच्यांना तर इतका आनंद झालाय, दोन दिवस झाले एक पोळी जास्त खातायत." मागे एक पोर रडत होतं, कोणीतरी बाई एक माप मोठी चड्डी मागत होती. "थांबा हां दादा, गिऱ्हाईक हाय."

मी थांबलो. माझं वाक्य तयार होतं: ताई, जागा रिकामी आहे, तुम्ही उद्यापासून या. बायको खुणेनं म्हणत होती, सांगा ना. सांगितलं असतं तर तिकडे हो म्हणून बसलेल्या त्या बाई रात्रभर तळमळल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर, त्या नाही म्हणतील याचीही मला भीती वाटत होती. दोन्हींतलं कोणतं कारण मोठं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या फोनवर परत आल्या. "हां दादा. कशाला फोन केला होतात?"

"सहजच," मी म्हणालो. "तुमचं कुठं काम झालं का, ते विचारायला."

त्या म्हणाल्या, "असं कोणी विचारत नाय हो, दादा. लय बरं वाटलं."