ओटीपी दादांच्या फोनवर

२९ जुलै. दुपारची पंगत उठली, पातेली घासायला टाकली आणि मी खानावळीतल्या मागच्या टेबलावर मोबाइल घेऊन बसले. आयकराचं रिटर्न भरायचं होतं. मुदत एकतीसला संपत होती आणि मला साधं लॉगिनही जमलेलं नव्हतं.

शिरवळला हायवेच्या कडेला आमची खानावळ आहे. मागे ओळीने खोल्या काढल्यात, त्यात कारखान्यातली पोरं भाड्याने राहतात. दोन्ही माझ्या नावावर. पण घर चालतं ते एका कारखान्याच्या जेवणावर. दोन्ही पाळ्यांचे डबे आमच्याकडून जातात. दर ऑगस्टला करार नवा होतो आणि इतकी वर्षं तो एका सहीवर होत आला. यंदा कारखान्याच्या ऑफिसात नवे साहेब आले. त्यांनी सांगितलं, रिटर्न भरल्याची पोचपावती एकतीस तारखेच्या आत जोडा, नाहीतर नाव पुढे जाणार नाही. मी विचारलं, मुदतीनंतर दंड भरूनही रिटर्न भरता येतं, तसं भरलं तर?

ते म्हणाले, "ताई, सरकार थांबेल. आमचं पुण्याचं ऑफिस थांबणार नाही."

आमच्या हातातलं हे काम घ्यायला फाट्यावरचा एक ढाबेवाला तयारच बसला होता. आणि आमच्या घरात करार गेला की नुसतं काम जात नाही. नवऱ्याची फुप्फुसं गेलेली आहेत. आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घरघरत असतं. त्या मशीनमागे जे काही लागतं, ते सगळं त्या डब्यांतून येतं.

आतापर्यंत रिटर्नचं सगळं विट्याचे एक वकील बघायचे. माहेर-सासर दोन्ही त्या बाजूचं, त्यामुळे कागद एसटीने पाठवायचे आणि विसरून जायचं, अशी पद्धत होती. यंदा उन्हाळ्यात त्यांनी ऑफिस बंद केलं आणि मुलाकडे परदेशी गेले. फोन लागेना. शिरवळमध्ये दोन ठिकाणी विचारलं, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नवीन कुणाचं घेत नाही म्हणाले. तेव्हा ठरवलं, आपणच भरायचं. मोबाइलवर भरता येतं अशी जाहिरात तर दिवसाआड दिसते.

जाहिरात दिसणं वेगळं आणि भरणं वेगळं. पहिलं सॉफ्टवेअर उघडलं ते मोठ्या कंपन्यांसाठी असावं. त्याने मला शाखा किती, कर्मचारी किती, साठा किती असं विचारायला सुरुवात केली. भाकऱ्या थापणाऱ्या बायका कर्मचारी धरायच्या का, आणि सकाळी आणलेली मेथी साठ्यात लिहायची का, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. बंद केलं.

दुसरं फुकट होतं. निम्म्यापर्यंत नीट चाललं. मग घरं किती भाड्याने दिलीत असं विचारलं. मी खोल्या मोजून आकडा टाकला. प्रत्येक खोलीला विजेचं वेगळं मीटर आहे, म्हणून आमच्याकडे एक खोली म्हणजे एक घर. तो आकडा टाकताच त्याने मला साध्या फॉर्ममधून उचलून थोरल्या फॉर्मवर नेऊन बसवलं. आता ताळेबंद द्या म्हणालं. आणि हा फॉर्म फुकट नाही, हेही तेव्हाच सांगितलं. मागे गेले तर भरलेलं सगळं पुसलेलं. त्या दुपारी मी मोबाइल पिठाच्या डब्यावर आपटला. काच फुटली नाही, एवढंच.

तिसरं मात्र धड निघालं. मराठीत होतं, तेही माणसाने लिहिलेल्या मराठीत. घेणार किती ते पहिल्या पानावर लिहिलेलं. तुमचा धंदा काय, रोख किती आले, मोबाइलवर किती आले, भाडं किती, असं एकेक विचारायचं. गिऱ्हाईक आलं तर उठायचं, परत येऊन बसायचं, भरलेलं तसंच असायचं. आणि घरांच्या प्रश्नाखाली बारीक अक्षरात समजावलं होतं की एका इमारतीतल्या खोल्या, घरपट्टी एकच असेल तर, एकच घर धरा. मी घरपट्टीची पावती काढून बघितली. एकच होती. साधा फॉर्म परत आला. मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन की ज्याला तुमचा धंदा चार प्रश्नांत कळतो आणि जे अडल्यावर कारण सांगतं, ते घ्या. बाकी रंगीत चित्रांना भुलू नका.

पण सॉफ्टवेअर चांगलं असून भागेना. सगळं भरून झाल्यावर ते म्हणालं, आता सरकारी पोर्टलवर लॉगिन करा. पासवर्ड वकिलांकडे. विसरला म्हणून दाबलं, तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय असं आलं. माझ्या फोनवर काहीच नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. मग नंबराचे शेवटचे आकडे नीट बघितले. तो नंबर थोरल्या दिरांचा होता.

हे कसं झालं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. विट्याकडच्या घराघरांतले पुरुष सोनं गाळायच्या धंद्यात. कुणी कोइमतूरला, कुणी मदुराईला, कुणी आणखी कुठे. सोनारांकडचं मोडीचं सोनं आणि कचरा वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करायचं काम. धाकटे एका शहरातून दुसऱ्यात जात, सिमकार्डं बदलत. थोरल्याचा नंबर मात्र दुकानाच्या पाटीवर असे, तो बदलत नसे. म्हणून धाकट्यांची स्वतःची आणि गावाकडे राहणाऱ्या बायकांची बँक, गॅस, आधार, पॅन, सगळं त्याच एका नंबरावर. कुणी तेव्हा विचारलंही नाही. सोय होती.

माझा नवरा त्याच दुकानात भट्टीवर होता. थोरले दीर गादीवर, काट्यापाशी. धूर नवऱ्याच्या छातीत गेला. दुकान सोडताना तो सासूच्या दिवसांना जमलेल्या भावकीसमोर थोरल्याला म्हणाला, "तू तोललंस, मी धूर खाल्ला." खोटं नव्हतं. पण थोरले न जेवता उठले आणि तसेच गाडीत बसले. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. आमच्या वाट्यातून आम्ही शिरवळला जागा घेतली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

मी आधी बाकीच्या वाटा बघितल्या. पोस्टात जाऊन आधारचा नंबर बदलायचं विचारलं. अंगठा द्या, बदलेल, पण नोंद व्हायला काही दिवस लागतील म्हणाले. माझ्याकडे दोन दिवस होते. बँकेतून लॉगिन होतं असं कुठेतरी वाचलं, तर बँकेचा नंबरही तोच. त्या एका दुपारी मी चारदा तरी ओटीपी मागवला असेल, जणू पाचव्यांदा तो वाट चुकून माझ्याकडे येईल.

शेवटी आत गेले आणि नवऱ्याला सांगितलं. तो नळी नाकाला लावून भिंतीला टेकून बसला होता.

"त्याला फोन करायचा न्हाई," तो म्हणाला. बोलताना मध्ये थांबावं लागतं त्याला. "करार जाऊ दे."

"करार गेला तर हे मशीन कशावर चालवू?"

"नको चालवू."

असं बोलणं मी ऐकून घेत नाही. पण त्या दिवशी तशीच उठले. बाहेर आले, हात धुतले, परत धुतले. रात्रीच्या भाजीचा कांदा चिरायचा होता, तो चिरायला घेतला. एवढी वर्षं मी कधी हताश झाले नाही असं लोक म्हणतात. त्यांना काय माहीत. कांद्याच्या ढिगासमोर उभी राहून मी हिशेब करत होते की मशीन दिवसातून थोडा वेळ बंद ठेवलं तर माणसाचं काय होतं. हे मनात आलं आणि मी सुरी खाली ठेवली. परसात जाऊन दिरांना फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला.

"दादा, मी शिरवळहून बोलतीय," म्हणाले. पुढचं ठरवून ठेवलेलं सगळं गेलं.

"बोल की," ते म्हणाले. "दुपारधरनं चारदा नंबर आलाय. म्हटलं, आता तरी फोन करतीय का पाचव्यांदा मागवतीय."

मी नुसतं विचारलं, कुठला नंबर.

"तुजाच. टॅक्सचा. दर सालाला जुलैत येतोय. तुमचा वकील फोन करायचा, मी सांगायचो. यंदा येईना म्हणून मीच वाट बघत हुतो. म्हटलं, खानावळ बंद पडली का काय."

वकिलांनी आम्हाला हे कधीच सांगितलं नव्हतं. दोन्ही घरं ओळखीची, भांडण माहीत, तेव्हा न सांगणंच बरं असं त्यांना वाटलं असेल. मी विचारलं, हा नंबर अजून चालू कसा. दुकान पोरांकडे गेलंय, पाटीवर नवा नंबर आहे, हे भावकीतून कानावर आलं होतं.

"जुना डबडा फोन हाय, गादीखाली ठेवतो. रिचार्ज मारतो. तुमी बायकांची सगळी कागदं हायत त्यावर, बंद करून कसं चालंल?" मग म्हणाले, "त्यो कसा हाय?"

"मशीनवर आहे," मी म्हणाले. खोटं बोलायला वेळ नव्हता.

मागे कुणीतरी तमिळमध्ये कुणाला तरी हाक मारत होतं. मग म्हणाले, "मागव. चष्मा लावतोय."

ओटीपीला वेळ थोडा असतो. त्यांनी पहिल्यांदा वाचला तो दुपारचाच जुना होता. चुकीचा आहे असं स्क्रीनवर आलं. मी म्हणाले, दादा, खालचा बघा, नवीन. ते म्हणाले, खाली कसं जायचं ह्यात. शेवटी फोनवर खाली जायचं बटण सापडलं आणि त्यांनी एकेक आकडा थांबून सांगितला, काट्यावरचं वजन सांगावं तसा, दोनदा. पासवर्ड बदलला. आत गेले. सॉफ्टवेअरने पोर्टलवरची माहिती ओढून घेतली, कारखान्याने कापलेला कर आपोआप येऊन बसला. शेवटी पडताळणीसाठी आणखी एक ओटीपी लागला. तोपर्यंत त्यांनी फोन ठेवला नव्हता.

पोचपावती आली. मी सांगितलं, झालं.

"बरं. ठेव," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला. त्याला फोन दे, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही.

आत गेले तेव्हा नवरा तसाच बसला होता. परसातलं बोलणं आतल्या खोलीत ऐकू येतं. मी पोचपावती दाखवली. त्याने बघितली नाही. दर सालाला दादाच नंबर सांगत होते, हे मी त्याला सांगितलं, तेवढंच, पुढे काही जोडलं नाही. त्याने नळी सारखी केली. मग विचारलं, "पहिल्या रिंगला उचलला व्हय?"

मी हो म्हणाले आणि कांद्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे गाडीत चढवून मी त्याच गाडीने कारखान्यावर गेले, साहेबांच्या टेबलावर पावती ठेवली आणि कागद मिळाल्याची सही घेतली. करार होईल की नाही ते पुण्याचं ऑफिस सांगणार होतं. येताना घरी थांबून आधारकार्ड घेतलं. पोस्टमन घरी येऊनही अंगठा घेतो, त्याचाही नंबर बदलायला सांगून येते, म्हणून नवऱ्याचं कार्ड मागितलं. त्याने उशीखालून काढलं, हातात धरलं आणि परत ठेवलं.

"माजं ऱ्हाऊ दे तिथंच," तो म्हणाला.

मी वाद घातला नाही. पोस्टात जाऊन रांगेत उभी राहिले आणि माझा तेवढा बदलून घेतला.